विलीचा माळा आणि वाचकांची पत्रं

वर्तमानपत्र हातात पडलं की अग्रलेखाआधी वाचकांची पत्रं वाचायची ही माझी जुनी खोड. अग्रलेख लिहिणाऱ्याला पगार मिळतो. पत्र लिहिणारा बिचारा पदरचं पोस्टकार्ड घालवतो, त्यामुळे त्याला काहीतरी खरोखरच म्हणायचं असतं असा माझा समज आहे. (काहींना फक्त नाव छापून यायला हवं असतं, तेही मान्य.)

मासिकं वाचकांच्या पत्रांनी बदलतात, याचं उदाहरण आमच्या बावड्यापासून फार लांब नाही. किर्लोस्करवाडीहून १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं ते मुळात कारखान्याच्या गिऱ्हाइकांसाठी. नांगराचा फाळ, चरक, रहाट यांची माहिती द्यायची, एवढाच मूळ बेत. वाचकांना इतर मजकूरही हवासा झाला आणि बघता बघता त्याचं मराठी घराघरांतलं मासिक झालं. 'खबर' हा शब्द परका म्हणून सावरकरांनी आक्षेप घेतला आणि पुढे नावातला 'खबर' गळून नुसतं 'किर्लोस्कर' राहिलं. म्हणजे वाचकाने मासिकाचं बारसं दुसऱ्यांदा केलं! असो.

आज लिहायचं आहे ते मात्र अगदी वेगळ्या मासिकांबद्दल. ऐकून घरची मंडळी हसली. विषय आहे संगणकावरच्या खेळांच्या युक्त्या छापणारी मासिकं आणि त्यांना आलेली मुलांची पत्रं. माझा भाचा इंग्लंडात असतो. लहानपणी न मिळालेले १९८०च्या दशकातले असे अंक तो आता हौसेने जमवतो. त्याने जुन्या अंकांची छायाचित्रं संगणकावर दाखवली आणि म्हणाला, "मामा, तुम्ही फक्त पत्रांची पानं वाचा." मी शब्दकोश घेऊन बसलो तो बसलोच.

आधी थोडी पार्श्वभूमी. क्लाइव्ह सिंक्लेअर या इंग्रज गृहस्थांनी एप्रिल १९८२ मध्ये 'झेडएक्स स्पेक्ट्रम' नावाचा छोटा संगणक बाजारात आणला. किंमत १२५ पौंडांपासून पुढे. पडदा म्हणजे घरचाच टीव्ही, आणि खेळ यायचे साध्या टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवर. कॅसेट लावायची, चिरका आवाज ऐकत काही मिनिटं थांबायचं, मग खेळ सुरू. आपल्याकडेही डेसिबेल्स नावाच्या कंपनीने १९८८ साली परवान्यावर हा संगणक विकायला काढला होता. त्याआधी, १९८४-८५ मध्ये, केंद्र सरकारच्या 'क्लास' प्रकल्पात देशातल्या सुमारे अडीचशे शाळांत 'बीबीसी मायक्रो' नावाचे इंग्रजी संगणक आले होते. बाकीच्या शाळांनी ते फक्त वर्तमानपत्रात पाहिले.

तिकडे मात्र मुलांचं वेगळंच जग उभं राहिलं. इंग्लंडच्या पश्चिमेला लडलो नावाचं एक लहानसं बाजारपेठेचं गाव आहे, जुना किल्ला वगैरे असलेलं. तिथून रॉजर कीन आणि ऑलिव्हर व फ्रँको हे फ्रे बंधू टपालाने खेळ विकत. त्या विक्रीच्या यादीतूनच १९८४ च्या सुरुवातीला 'क्रॅश' नावाचं मासिक निघालं. खेळांची परीक्षणं कोण करणार? लंडनचे पत्रकार या गावात येणार नव्हते. मग यांनी गावातल्या शाळेतल्या मुलांनाच बसवलं. एका खेळावर तिघांची मतं छापायची, आणि ती एकमेकांशी जुळली नाहीत तर नाहीत. टक्केवारीत गुण द्यायचे. हे वाचून मला फार मौज वाटली. आमच्याकडे मुलांना गुण द्यायचे असतात, तिथे मुलं कंपन्यांना गुण देत होती. १९८६ साली मासिकाचा खप एक लाखाच्या वर गेला, यात नवल नाही.

या मासिकांचा खरा जीव युक्त्यांच्या पानांत होता. युक्त्या संपादकांना सुचत नसत, वाचकच शोधून कळवत. त्यातली मुख्य युक्ती म्हणजे 'पोक'. मला समजलं तसं सांगतो. संगणकाची स्मृती म्हणजे टपाल कचेरीतल्या खणांची लांबच लांब भिंत. स्पेक्ट्रममध्ये असे ६५,५३६ खण, प्रत्येकात ० ते २५५ यांपैकी एक आकडा. 'पोक' म्हणजे अमुक खणात तमुक आकडा टाक. खेळात तुमचा माणूस मेला की शिल्लक जिवांतून एक कमी करण्याची आज्ञा कुठल्यातरी खणात आकड्याच्या रूपाने बसलेली असते. तो खण शोधून तिथे शून्य टाकलं, की त्या यंत्राच्या भाषेत त्याचा अर्थ 'काही करू नकोस'. झालं, माणूस अमर! 'जेट सेट विली' या खेळासाठी ही आज्ञा होती पोक ३५८९९,०. हा आकडा तिकडच्या पन्नाशी-साठीतल्या माणसांना अजून पाढ्यासारखा पाठ आहे. पासष्ट हजार खणांतून नेमका तो एक खण शोधणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधण्यापैकीच. आणि हे करत होती बारा-पंधरा वर्षांची मुलं!

याच 'जेट सेट विली'ची गोष्ट सांगण्यासाठी एवढा खटाटोप.

हा खेळ १९८४ चा. करणारा मॅथ्यू स्मिथ तेव्हा जेमतेम अठरा वर्षांचा. गोष्ट अशी : विली नावाचा नवश्रीमंत माणूस मोठ्या बंगल्यात जंगी मेजवानी देतो. पाहुणे पसारा करून जातात. घर सांभाळणारी मारिया बाई म्हणते, सगळं आवरल्याशिवाय झोपायला मिळणार नाही. (कुठल्याही देशात गेलं तरी हे चुकत नाही.) मग बिचारा विली खोल्याखोल्यांतून ८३ वस्तू गोळा करत हिंडतो. जो खेळ आधी पूर्ण करेल त्याला कंपनीने बक्षीस जाहीर केलं होतं.

मुलं जिवावर उदार होऊन खेळायला लागली आणि एक विचित्र गोष्ट ध्यानात आली. विली एकदा माळ्यावर जाऊन आला, की त्यानंतर घरातल्या दुसऱ्याच काही खोल्यांत पाऊल टाकताक्षणी मरायचा. आधी त्या खोल्या बिनधोक होत्या. नेमका माळ्यावर गेल्यावरच हा प्रकार. खेळ पुरा करणं अशक्य.

आता कंपनीचं उत्तर ऐका. सुरुवातीला कंपनीने सांगितलं, ही चूक नाही, हे मुद्दाम केलेलं आहे. त्या खोल्यांत विषारी वायू भरलेला आहे!

मी चौतीस वर्षं वर्गात काढली. फळ्यावरचं चुकलं, किंवा पुस्तकातलं उत्तर चुकलं, आणि मागच्या बाकावरच्या मुलाने हात वर केला, तर त्या क्षणी मोठ्या माणसाच्या तोंडून काय काय बाहेर पडतं ते मला चांगलं ठाऊक आहे. "ते पुढच्या वर्षी कळेल तुला." "इथे तसंच गृहीत धरायचं असतं." विषारी वायू तो हाच. तो सगळ्या शाळांत, सगळ्या कचेऱ्यांत भरलेला असतो. बहुतेक मुलं एकदा हुंगतात आणि पुन्हा हात वर करत नाहीत.

इथली मुलं गप्प बसली नाहीत. ज्यांना खण उघडून बघता येत होते, त्यांनी बघितले. माळ्यावरून एक बाण उडतो. त्याच्या वाटेची नोंद चुकली होती, आणि त्यामुळे भलत्याच खणांतला मजकूर बिघडत होता. वायू नाही नि बियू नाही. शिवाय आणखीही चुका निघाल्या, त्यांच्यामुळे माळा टाळूनही सगळ्या वस्तू गोळा होणं शक्य नव्हतं. शेवटी दोन खेळाडूंनी बक्षीस पटकावलं ते खेळ दुरुस्त करून. आपल्या दुरुस्त्या त्यांनी कंपनीच्या हाती ठेवल्या. कंपनीने विषारी वायूचा दावा मागे घेतला आणि दुरुस्तीचे पोक प्रसिद्ध केले. मोजकेच आकडे ते, एका पोस्टकार्डावर मावतील एवढे.

मला इथे कंपनीचंही थोडं कौतुक वाटतं. उशिरा का होईना, मान्य केलं. पण दडपण आलं ते कुठून? एकट्या मुलाने एकटं पत्र पाठवलं असतं तर ते टोपलीत गेलं असतं. मासिकं महिन्याच्या महिन्याला युक्त्या आणि पोक छापत होती, त्यामुळे लिव्हरपूलच्या मुलाला कळत होतं की एडिंबरोच्या मुलाचाही विली तिथेच मरतोय. आपल्या एकट्याचंच चुकत नाही हे समजणं ही फार मोठी गोष्ट आहे. शिक्षक म्हणून सांगतो, गणितात नापास होणारी निम्मी मुलं फक्त एवढ्या एका गोष्टीअभावी नापास होतात.

अमेरिकेतली तऱ्हा थोडी निराळी. तिकडे 'कंप्यूट' नावाचं मासिक १९७९ पासून निघत होतं. त्यात खेळाचा अख्खा कार्यक्रमच छापलेला असे, पानंच्या पानं आकडे. वाचकाने ते आपल्या संगणकात एकेक करून टंकायचे. एक आकडा चुकला की सगळं मुसळ केरात. मग चूक छापणाऱ्याची की टंकणाऱ्याची, हा वाद आलाच. त्यावर १९८३ साली त्याच घरच्या 'गॅझेट' या मासिकाने एक छोटा तपासनीस कार्यक्रम दिला. प्रत्येक ओळीपुढे मासिकात एक पडताळ्याचा आकडा छापलेला असे. ओळ टंकली की तपासनीस आपला आकडा दाखवी. दोन्ही जुळले तर ओळ बरोबर. भागाकाराचा ताळा घेतात ना, तसं. पुढच्या महिन्याच्या शुद्धिपत्राची वाट बघत बसायचं कारण उरलं नाही.

आणि 'निन्टेन्डो पॉवर'. हे जुलै-ऑगस्ट १९८८ च्या अंकापासून डिसेंबर २०१२ पर्यंत चाललं. मासिक कंपनीचंच, त्यामुळे विषारी वायूसारखी भांडणं तिथे छापून येण्याची शक्यता कमी. (जावयाच्या पंगतीत भाजी खारट आहे म्हणून कोण सांगणार?) पण तिथेही वाचकांचं एक झकास पान होतं. सर्वांत जास्त गुण मिळवणाऱ्यांची नावं छापत. नुसतं "मला इतके गुण पडले" म्हटलेलं चालत नसे, टीव्हीच्या पडद्याचा फोटो काढून पाठवावा लागे. पुरावा हवा! या पानाचा एक किस्सा खुद्द स्टीव्ह वॉझनियाक यांनीच सांगितलेला आहे. ॲपल कंपनी काढणाऱ्यांपैकी एक, तेच ते. 'टेट्रिस' या खेळात ते इतके पटाईत की त्यांचंच नाव वारंवार छापून यायला लागलं. मासिकाने कळवलं, आता पुरे, यापुढे तुमचं नाव छापणार नाही. मग या थोर गृहस्थांनी आपलं नाव उलट्या अक्षरांनी लिहून पाठवलं, 'इव्हेट्स कैन्झॉव' असं काहीसं. आणि ते छापून आलं! एवढ्या मोठ्या माणसालाही छापील नावाचा मोह सुटला नाही, म्हणजे आमच्या गल्लीतल्या पत्रलेखकांना नावं ठेवण्यात अर्थ नाही.

आता एका अवघड गोष्टीकडे येतो. या मासिकांनी मुलांना विश्वासात घेतलं खरं, पण वेळप्रसंगी बेमालूम फसवलंही.

'क्रॅश'मध्ये पत्रांना उत्तरं देणारा लॉइड मँग्रम नावाचा एक गृहस्थ होता. थोडा तिरसट, थोडा प्रेमळ. मुलं त्याला नावाने पत्रं लिहीत. हा माणूस अस्तित्वातच नव्हता! ते कार्यालयातल्यांचं सामायिक टोपणनाव होतं. जपानमध्ये तोकुमा प्रकाशनाचं 'फॅमिली कम्प्युटर मॅगझिन' १९८५ साली निघालं. त्यात दर अंकात युक्त्यांची भली मोठी यादी असे आणि तिच्यात काही युक्त्या जाणूनबुजून खोट्या पेरलेल्या असत. खोटी कोणती ते वाचकांनी खेळून शोधायचं. (त्यातली एक खोटी युक्ती बरीच गाजली. ती जरा चावट असल्यामुळे इथे सांगत नाही.) आणि अमेरिकेतल्या 'इलेक्ट्रॉनिक गेमिंग मंथली'ने तर एप्रिल १९९२ मध्ये कमालच केली.

त्याचं मूळ भाषेत आहे, म्हणून मला जास्त रस. 'स्ट्रीट फायटर २' या जपानी खेळात र्यू नावाचा पैलवान जिंकल्यावर एक वाक्य म्हणतो. त्यात त्याच्या 'शोर्‍युकेन' या डावाचं नाव होतं. जपानी भाषा चिनी लिपीतली चित्राक्षरं वापरते. तीच अक्षरं जपानी माणूस एक तऱ्हेने उच्चारतो, चिनी माणूस दुसऱ्या. इंग्रजी भाषांतरात त्या डावाच्या नावाचा उच्चार चिनी पद्धतीने 'शेंग लाँग' असा झाला. वाक्याचा अर्थ निघाला, "माझ्यासमोर टिकायचं तर शेंग लाँगला हरवावं लागेल." झालं! जो तो विचारायला लागला, हा शेंग लाँग कोण? लपलेला वस्ताद असणार! मासिकाने एप्रिलच्या अंकात छापून टाकलं की होय, आहे. एकही मार न खाता शेवटपर्यंत जा, मग शेवटच्या प्रतिस्पर्ध्याला न शिवता, त्याचा मार न खाता फेऱ्यामागून फेऱ्या बरोबरीत काढा, की तो प्रकट होतो. युक्ती पाठवणाऱ्या वाचकाचं म्हणून जे नाव-गाव दिलं होतं, ते नीट वाचलं तर "टोकन वाया घालवा" आणि "पुन्हा फसलात, हा" असं निघत होतं. नीट वाचतंय कोण! दुसऱ्या मासिकांनीही ती युक्ती उचलली. खुलासा आला तो त्याच वर्षीच्या डिसेंबर अंकात. तोवर पोरांनी किती नाणी यंत्रांत ओतली असतील, देव जाणे.

जपान्यांचं खोटं आणि अमेरिकेतलं खोटं, दोन्ही वरवर सारखी. पण मी जपानी संपादकाला माझ्या वर्गात बोलवेन, अमेरिकेतल्याला नाही. जपान्याने आधी सांगितलं होतं की यात काही खोटं आहे, शोधा. तो परीक्षेतला प्रश्न झाला. चूक की बरोबर ते लिहा, पाच गुण. दुसऱ्याने सांगितलं नव्हतं. शिवाय युक्ती वाचकाच्या नावावर खपवली. मुलांचा विश्वास संपादकापेक्षा आपल्यासारख्या दुसऱ्या मुलाच्या पत्रावर जास्त असतो, आणि नेमका तोच वापरला. गंमत म्हणजे पुढे १९९४ साली कंपनीने त्याच खेळाच्या नव्या आवृत्तीत खरोखरच एक लपलेला वस्ताद आणला, 'गोकी' नावाचा. वाचकांनी इतकी वाट बघितली की तो जन्माला घालावा लागला.

लॉइड मँग्रमचा मात्र मला राग येत नाही. माणूस खोटा होता, पण उत्तरं खरी होती.

वस्तादावरून आठवलं. आमच्या कोल्हापुरात प्रसिद्धच आहे, वस्ताद चेल्याला सगळे डाव शिकवतो पण एक राखून ठेवतो. तालमीतली ती परंपरा. खासबागेच्या मैदानात कुणी डावांचं मासिक काढलं असतं, तर त्याचं काय झालं असतं याची कल्पना करून मी एकटाच हसलो. या पोरांच्या मासिकांत मात्र उलटा कायदा : ज्याला डाव सापडला त्याने तो लगेच सगळ्यांना सांगायचा. बदल्यात काय, तर नाव आणि गाव छापून.

आपल्याकडे हे सगळं कसं झालं? मुंबईहून जसुभाई समूहाचं 'डिजिट' २००१ साली निघालं, आणि त्याच घरातून पुढे फक्त खेळांना वाहिलेलं 'स्कोर'. दोन्ही इंग्रजीत. पण त्याच्या कितीतरी आधी, १९९०च्या दशकात, गल्लोगल्ली टीव्हीला जोडायचे स्वस्त खेळ आले होते. पिवळ्या-लाल कॅसेटी, 'मारिओ', 'कॉन्ट्रा'. त्यांच्याबरोबर मासिक नव्हतं की माहितीपत्रक नव्हतं. तरी बावड्यातल्या पोरांना कॉन्ट्रात तीस जीव मिळवायचा मंत्र पाठ होता : वर, वर, खाली, खाली, डावी, उजवी, डावी, उजवी, बी, ए. हा मंत्र मुळात काझुहिसा हाशिमोतो या जपानी गृहस्थांनी १९८६ साली 'ग्रेडियस' या खेळात स्वतःच्या सोयीसाठी घातला होता, कारण तपासण्यासाठी खेळायला बसलं की तो त्यांनाच झेपेना. २०२० साली ते वारले. जपानातल्या एका माणसाची खाजगी सोय कागदावर न उतरता राजाराम कारखान्याच्या परिसरातल्या पोरांच्या तोंडी येऊन बसली, याला मौखिक परंपरेशिवाय दुसरं काय म्हणायचं? आणि मौखिक परंपरा म्हटली की पाठभेद आलेच. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना विचारलं, तर एकजण शेवटी 'स्टार्ट' म्हणतो, दुसरा शपथेवर सांगतो की 'सिलेक्ट, स्टार्ट'. भांडायचं कारण नाही. 'सिलेक्ट' दाबलं की दोघांचा खेळ निवडला जातो. म्हणजे ज्याला भाऊ किंवा शेजारी जोडीदार होता त्याचा पाठ लांब, आणि जो एकटा खेळायचा त्याचा आखूड.

'क्रॅश' एप्रिल १९९२ च्या अंकानंतर बंद पडलं. चालवणारी कंपनी त्याआधीच बुडाली होती. २०१७-१८ च्या सुमारास जुन्या वाचकांनी वर्गणी जमवून त्याच नावाचा वार्षिक अंक काढला, त्यात ऑलिव्हर फ्रेही सामील होते. फ्रे २०२२ साली गेले आणि कीन त्यानंतर थोड्याच महिन्यांत. 'विली'चं म्हणाल, तर त्या खेळातल्या खणान् खणाचा अर्थ लावून हौशी मंडळींनी तो टीपांसकट मांडून ठेवला आहे, आपल्याकडे सार्थ ज्ञानेश्वरी असते तसा. माळ्यावरचा बाणही त्यात आहे, त्याच्या चुकलेल्या वाटेसकट.

तुमच्या गल्लीत कॉन्ट्राच्या मंत्राचा कोणता पाठ होता ते मला जरूर कळवा. 'सिलेक्ट'सकट की 'सिलेक्ट'विना? गावाचं नाव लिहायला विसरू नका.